तपकिरी गाढव

मला जनावरांजवळ जाता येत नाही. लहानपणापासून दमा आहे. शेळीच्या अंगावरून हात फिरवला, मांजराला मांडीवर घेतलं, की थोड्याच वेळात छाती वाजायला लागते. आमचं गाव पिंगळी स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथं जवळजवळ प्रत्येक दारात काहीतरी बांधलेलं असतं, आणि मी प्रत्येक दारापासून लांब सरकून चालत मोठी झाले. माझ्यासाठी बाबांनी आमची बैलजोडी आणि गाय घरापासून हलवून शेतातल्या आखाड्यावर नेली. आखाडा म्हणजे शेतातला पत्र्याचा गोठा. बाबा रोज दोन्ही वेळा वैरणपाण्याला तिकडं चालत जायचे. मी कधी सोबत गेले तर बांधावरच थांबायचे, नाकाला ओढणी लावून. गाय मान वळवून माझ्याकडं बघायची. मीही बघायचे. आमची ओळख तेवढीच राहिली.

म्हणून कोणी विचारलं, की एवढी मोठी बाई मोबाईलमध्ये प्राणी कसले पाळते, तर मी सरळ सांगते, तिथं माझा श्वास अडकत नाही.

गावाहून रोज पॅसेंजरनं ये-जा करत परभणीत एका खाजगी दवाखान्यात मी नोंदणीच्या खिडकीवर बसते. येणाऱ्या पेशंटचं नाव, आडनाव, गाव, वय विचारायचं आणि चिठ्ठी द्यायची. दुपारी डॉक्टर जेवायला गेले की खिडकी शांत होते. अशाच एका दुपारी मी तो खेळ फोनमध्ये घेतला. सुरुवातीला एक अंडं मिळालं. ते उबवायचं, म्हणजे अधूनमधून उघडून त्याच्यावर बोट फिरवायचं. फुटलं तेव्हा आतून दोन शेपट्यांचं मांजर निघालं. मी बोट लावलं तसं ते उताणं पडलं आणि पोट वर करून चारही पाय हवेत हलवायला लागलं. मी फोन अगदी तोंडाजवळ धरला आणि खोल श्वास घेतला. काही झालं नाही. माझं मलाच हसू आलं. शेजारच्या खुर्चीवरच्या नर्सनं विचारलं, "काय झालं गं?" मी म्हणाले, "मला मांजर झालं."

त्या खेळात मिळू शकणाऱ्या सगळ्या प्राण्यांचं एक पान होतं. जे प्राणी आपल्याकडं नाहीत त्यांच्या जागी नुसत्या काळ्या सावल्या दिसायच्या. कुठं लांब मान, कुठं शिंगं, कुठं पिसारा. प्राणी मिळाला की सावलीत रंग भरायचा. त्या सावल्यांनी मला धरून ठेवलं. एकदा काळी आकृती दिसली की ती कशाची असेल हे कळेपर्यंत मला चैन पडायची नाही. अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची, आपल्याकडं दोन असलेला प्राणी देऊन दुसऱ्याकडून नसलेला घ्यायचा, असं करत निळ्या शेपटीचा कोल्हा आला, काचेच्या पाठीचं कासव आलं, ढगासारखं मेंढरू आलं, चांदीच्या खुरांचा उंट आला.

पण नुसतं मिळवण्यात अर्धीच गंमत होती. प्रत्येक खेळणाऱ्याला एक अंगण मिळायचं. आपले प्राणी तिथं हवे तसे उभे करायचे. झाडं, तळं, कुंपण, सगळं आपल्या मनानं. दुसरे खेळणारे त्या अंगणात येऊन फिरू शकत. मी किती वेळा ते अंगण मोडलं आणि मांडलं याला गणती नाही. कासव तळ्याच्या काठाला. लहान प्राणी पुढं, मोठे मागं. उंटाचं तोंड फाटकाकडं, म्हणजे येणाऱ्याला आधी तो दिसावा. कोल्हा झाडाआड, अर्धाच दिसणारा, म्हणजे बघणाऱ्याला तो सापडल्याचा आनंद व्हावा. मग बाहेरचं कोणी आलं की मी हातातलं काम सोडून बघत राहायचे. कुठल्या देशाचं माणूस कोण जाणे, माझ्या कासवापुढं बराच वेळ थांबून राहायचं. जाताना फाटकावर एक फूल ठेवून जायचं. तशी रीत होती तिथं. आवडलं तर फूल ठेवायचं. त्या दिवशी घरी जाताना मी पॅसेंजरमध्ये उभी असले तरी मला उभं असल्यासारखं वाटायचं नाही.

आईला हे अजिबात पटलेलं नव्हतं. भाकरी थापता थापता ती म्हणायची, "लगीन न्हाई, लेकरू न्हाई, अन् मोबाईलात मांजरं पाळायलीस. लोक काय म्हणतेन?"

"लोक फुलं ठेवायलेत, आई."

"कुठं हायत? दाखव की मला एक तरी."

मी फोन पुढं केला की ती तोंड वळवायची.

अशी काही वर्षं गेली. मग एका सकाळी खेळ उघडला तर समोर पाटी. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी हा खेळ कायमचा बंद होईल. इतके दिवस सोबत राहिल्याबद्दल आभार. एवढंच.

मी पिंगळीच्या फलाटावर उभी होते. पाटी पुन्हा वाचली. मग सावल्यांचं पान उघडलं. सगळे रंग भरले होते. एक सावली तेवढी उरली होती. लांब कानांची, खाली मान घातलेली.

ते एक तपकिरी गाढव होतं, हे मला जुन्या खेळणाऱ्यांकडून कळलं होतं. कसलीही चमक नाही, पंख नाहीत, साधं गाढव. खेळ नवा असताना प्रत्येकाला पहिला प्राणी म्हणून तेच मिळायचं. पुढं गाढव देणं बंद झालं आणि अंडं सुरू झालं. मी अंड्याच्या काळातली. आणि जुन्या लोकांनी काय केलं होतं, तर गाढव वितळवलं होतं. नको असलेला प्राणी वितळवला की त्याच्यातून चमक मिळायची आणि ती दुसऱ्या प्राण्याला चढवता यायची. सगळ्यांनी आधी गाढवच वितळवलं. म्हणून आता सोन्याचा गरुड सहज मिळत होता, पण गाढव कोणाकडंच नव्हतं.

मी तिथंच ठरवलं, बंद व्हायच्या आधी हे पान पूर्ण करायचं.

दवाखान्यातली नर्स म्हणाली, "अगं, बंदच होणार आहे तर आता कशाला जीव काढतेस?" हाच प्रश्न मला त्या महिन्यात सगळ्यांनी विचारला. रोज कोणीतरी खेळ सोडून जात होतं. अंगणं ओस पडत होती. देवाणघेवाणीच्या चौकात पूर्वी जत्रेसारखी गर्दी असायची, तिथं आता तुरळक माणसं. मी त्या चौकात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, गाढव आहे का? कोणी हसायचं. कोणी म्हणायचं, होतं, वितळवलं. कोणी काहीच न बोलता निघून जायचं. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहायचे.

बाबांनी तोपर्यंत माझा खेळ कधी पाहिला नव्हता. चिडून नाही, त्यांना त्यात काही बघण्यासारखं असेल असं वाटलंच नव्हतं. एका रविवारी ते ओट्यावर बसून दोरी वळत होते. माझा चेहरा बघून म्हणाले, "कामून तोंड उतरलंय, बाई?"

मी सांगितलं. माझे प्राणी जाणार आहेत, असं म्हणाले.

"कुठं जानार?"

"कुठंच नाही. खेळच बंद होणार आहे."

त्यांनी दोरी बाजूला ठेवली. "दाखव बरं."

मी त्यांच्याजवळ बसले आणि फाटकापासून आत नेलं. उंट दाखवला, मेंढरू दाखवलं. कोल्ह्यापाशी आल्यावर मी मुद्दाम काही बोलले नाही. ते आपणच म्हणाले, "हे बघ, झाडामागं कोन हाय." मग हळूच, "तूच उभे केलेस व्हय हे तमाम?"

"हो."

"दाखवायसाठी?"

"हो बाबा. लोक बघायला येतात."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आधी कधीच ऐकलं नव्हतं.

आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरातले देव गेले, पण पोळ्याला बैल धुणं, सजवणं गेलं नाही. आजोबा म्हणायचे, बैल देव नाही, कामाचा सोबती आहे, त्याला एक दिवस तरी चांगला जावा. गावात पोळ्याच्या दिवशी सजवलेल्या जोड्या रांगेनं वेशीतल्या तोरणाखालून जायच्या. आमच्या आळीच्या जोड्या सगळ्यात शेवटी.

"आमी सकाळधरून रंगवायचो," बाबा म्हणाले. "शिंगं घासायचो, रंग द्यायचो, बेगड लावायचो. झूल तुझ्या आजीनं शिवलेली, आरशाची. पन आमचा नंबर येऊस्तोर अंधार पडायचा. रंग दिसायचा न्हाई का आरसे दिसायचे न्हाईत. बघनारे तवर घरला गेलेले असायचे. नुसते आमी अन् आमचे बैल."

"मग?"

"मग एका वर्षी म्हनलं, रांगंत उभंच ऱ्हायचं न्हाई. भर दुपारी जोडी काढली अन् सरळ टेसनावर नेली."

"स्टेशनावर?"

"व्हय. पॅसेंजर यायचा टाइम होता. कुंपनापाशी उभी केली, उन्हात. गाडी थांबली, अन् काय सांगू बाई, डब्बेच्या डब्बे लोक खिडकीला आले. लेकरं हात हलवायली. एकजन दारात उभा राहून वरडला, काय जोडी हाय राव! गाडी हलली तरी बघायलेत. मास्तर भायेर आला. मला वाटलं आता हाकलतो. तर म्हनला, दुसरी गाडी येऊस्तोर थांब की."

बाबा हसले. "त्या गाडीतल्या मान्साला काय ठावं म्या कोन, कोन्या आळीचा? त्यानं बैल बघितले. पुढं दर साली मी टेसनावरच नेली जोडी. गावातले हसले. हसू दे म्हनलं."

"पण बाबा, रंग तर आठ दिवसांत उडून जायचा ना?"

"दुसऱ्याच दिशी औताला जुपायचो की त्यांना. म्हून काय रंगवायचं न्हाई?" त्यांनी पुन्हा दोरी हातात घेतली. "तुझं गाढव हुडक तू."

त्यानंतर नर्स काय म्हणते, आई काय म्हणते, हे माझ्या कानापर्यंत पोचेनासं झालं.

गाढवाचा माग लागला तो गंगाखेडमध्ये. त्या खेळात माझी एक मैत्रीण होती. आम्ही वर्षभर प्राण्यांची देवाणघेवाण करत होतो. ती गंगाखेडची एवढंच मला माहीत होतं. तिचं लिहिणं थोडक्यात असायचं आणि चेष्टेचं. मी तिला कॉलेजातली पोरगी समजत होते. तिला गाढवाचं विचारलं तर तिनं लिहिलं, "माझं आधी एक खातं होतं, पहिल्या फोनमध्ये. त्यात गाढव असेल. मी त्याला काही केलं नव्हतं. पण फोन बंद पडून पेटीत आहे आणि खात्याचं नाव मला आठवत नाही."

मी लिहिलं, "मी येते."

तिनं लिहिलं, "गाढवासाठी?"

"गाढवासाठी."

पुढच्या रविवारी परभणीहून गाडी धरून मी गंगाखेडला उतरले. स्टेशनाबाहेर कॉलेजातली पोरगी शोधत उभी होते. एक बाई स्कूटीवर समोर येऊन थांबल्या. माझ्या आईच्या वयाच्या. काठपदराची साडी, डोळ्यांवर काळा चष्मा, पदर कमरेला खोचलेला.

"तूच का गं गाढववाली?" त्या म्हणाल्या. "बस मागं."

शहराबाहेर उसाच्या रानात त्यांचं मोठं घर. मुलं पुण्याला. मोठ्या मुलानं जाताना पहिला फोन हातात दिला आणि त्यात हा खेळ घालून दिला, घर मोकळं वाटू नये म्हणून. दारात त्यांचे यजमान, काका, पेपर वाचत बसले होते. त्यांनी पाणी दिलं, गाव विचारलं. मग विचारलं, "आडनाव काय म्हणलं?"

मी दिवसभर लोकांना हाच प्रश्न विचारते, चिठ्ठीवर लिहायला. काका कशासाठी विचारत होते ते मला कळलं. मी आडनाव सांगितलं. त्यांनी पेपराची घडी घातली, "बरं," म्हणाले, आणि चपला घालून रानाकडं निघून गेले. पाठीमागं वळूनही बघितलं नाही.

ओसरीवर आम्ही दोघीच राहिलो. त्या खाली बघत होत्या. हे मला शाळेपासून ओळखीचं होतं. पण मी उठले नाही. इतक्या लांबून मी गाढवासाठी आले होते आणि ते घेतल्याशिवाय मी कोणाच्या पेपराच्या घडीमुळं उठणार नव्हते.

"काकू, पेटी कुठं आहे?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली. "पेटी पळून जाती का? आधी जेव." आत गेल्या आणि दोन ताटं घेऊन आल्या. दोन्ही सारखी. माझ्याशेजारी मांडी घालून बसल्या, माझ्या ताटातली मिरची उचलून आपल्या ताटात घेतली. "तुला दमा हाय म्हणून लिहिलं होतंस ना? तिखट खाऊ नको." जेवताना त्या एकदाच बोलल्या त्याबद्दल. "त्यांचं मी सांगू शकत न्हाई. माझं सांगते. ह्या घरात माझी पाव्हणी उपाशी जात न्हाई."

जेवण झाल्यावर पेटी उघडली. गोधड्यांच्या खाली फोन होता. मागचं झाकण फुगून वर आलेलं. आम्ही तो रुमालात गुंडाळून स्कूटीवरून बसस्टँडजवळच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदारानं बघितलं आणि लांबूनच म्हणाला, "ताई, बॅटरी फुगलीय. ह्याच्यात काही राहिलं न्हाई. फेकून द्या."

"दुसरी बॅटरी लावून बघा," मी म्हणाले.

"ह्या मॉडेलची येतच न्हाई आता."

"तुमच्याकडं बंद पडलेले फोन असतील की. त्यात बघा."

"लय टाइम लागंल."

"आम्ही बसतो."

काकूंनी लगेच स्टूल ओढलं आणि बसल्या. दुकानदारानं आमच्याकडं एकदा बघितलं. बायका उठणार नाहीत हे त्याच्या लक्षात आलं असावं. खालून खोकं ओढून तो शोधायला लागला. बरेच फोन उलटेपालटे झाल्यावर स्क्रीन फुटलेला तसलाच एक निघाला. त्याची बॅटरी काढून त्यानं ह्यात घातली, चार्जरला लावलं. आम्ही तिघंही त्या काळ्या काचेकडं बघत राहिलो. मधे दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. मग काचेवर उजेड आला.

खेळ उघडला नाही. फोन जुना, खेळ नवा, दोघांचं जमेना. पण उघडता उघडता अडकलेल्या त्या पानावर वर बारीक अक्षरात खात्याचं नाव दिसत होतं.

"अगं बाई!" काकू ओरडल्या. "मी मुलाचं अन् माझं नाव जोडून ठेवलं होतं. ह्येच की!"

ते नाव त्यांच्या नव्या फोनमध्ये घातलं. नंबर जुनाच असल्यामुळं नवा पासवर्ड त्यांच्याच फोनवर आला. जुनं अंगण उघडलं. त्यात गवताशिवाय काही नव्हतं, आणि मधोमध ते बसलं होतं. तपकिरी. मान जमिनीला टेकलेली. इतकी वर्षं कोणी खायला दिलेलं नव्हतं, म्हणून खेळानं त्याला झोपवलं होतं. काकूंनी बोट लावलं तसं ते पुढचे पाय टेकत उठलं आणि त्यानं कान झटकले.

दुकानदार काउंटरवरून वाकून बघत होता. "एवढं ह्या गाढवासाठी?" तो म्हणाला.

"व्हय," काकू म्हणाल्या. "तुझं काय जातंय?"

माझ्याकडं पाठवायचं बटण समोरच होतं. काकूंचं बोट त्यावर थांबलं. "जरा थांबू का गं?" त्या म्हणाल्या. "उपाशी हाय ते." त्यांनी त्याला एक गाजर दिलं. ते संपल्यावर आणखी एक दिलं. गाढव चावत होतं आणि त्या बघत होत्या. मला त्यांची ओसरी आठवली, पुण्याला गेलेली मुलं आठवली. मग त्यांनी आपणच बटण दाबलं.

माझा फोन हातात थरथरला. शेवटच्या सावलीत रंग भरला.

शेवटच्या रविवारी मी सकाळीच उठून अंगण पहिल्यापासून मांडलं. गाढव कुठं ठेवायचं याचा खूप विचार केला. मागच्या रांगेत मोठ्या प्राण्यांमध्ये ते हरवून गेलं असतं. शेवटी त्याला फाटकाच्या आत, वाटेवरच उभं केलं. येणाऱ्याला त्याच्या बाजूनंच जावं लागेल असं. मग ओळखीच्या सगळ्यांना निरोप पाठवले, दुपारपर्यंत माझं अंगण उघडं आहे, या.

आणि लोक आले. सोडून गेलेलेही आले. अंगणात एवढी दाटी मी कधी पाहिली नव्हती. सगळे गाढवापाशी अडकत होते. कोणी लिहीत होतं, हे कुठून मिळवलं? कोणी लिहीत होतं, माझ्याकडं होतं हो, मी वितळवलं. एकानं नुसतं त्याच्या शेजारी बसून घेतलं आणि तो उठेचना. काकू सगळ्यांत पुढं होत्या, येणाऱ्याजाणाऱ्याला गाजर द्यायला सांगत होत्या.

बाबांनी आदल्या दिवशी माझ्याकडून आपल्या फोनमध्ये खेळ घेतला होता. त्यांचा खेळातला माणूस अंगणात शिरला तो कुंपणाला धडकत, एकाच जागी गोल फिरत. "ह्याला सरळ कसं चालवू?" ते विचारत होते. मी त्यांचा अंगठा धरून दाखवला. ते प्रत्येक प्राण्यापुढं थांबत होते, गर्दी असेल तर मागं उभं राहून वाट बघत होते.

आई भांडी घासून हात पुसत आमच्यामागं येऊन उभी राहिली. मग माझ्या खांद्यावरून बोट पुढं करून म्हणाली, "त्या उंटाला जरा कडंला घे की. मागचं मेंढरू दिसंना झालंय लोकांला."

मी उंट कडेला घेतला.

"हां. आता दिसायलंय," ती म्हणाली, आणि माझ्याजवळ बसली.

ठरलेल्या वेळी काहीच वाजलं नाही. माणसं एकेक करून जागच्या जागी थांबली, झाडं थांबली, आणि मग स्क्रीन पांढरी झाली. संपर्क होऊ शकत नाही, असं आलं. मी पुन्हा उघडून बघितलं. तेच. बाबा आपल्या फोनवर अजून अंगठा फिरवत होते.

"गेलं का?" आईनं विचारलं.

"गेलं."

मी रडले. लपवण्यासारखं काही नव्हतं, तिघंच होतो. आईनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चहा ठेवते." बाबा उठून आखाड्याकडं गेले. जाताना म्हणाले, "लय लोक आले व्हते, बाई. म्या बघितलं."

मला वाटलं होतं की नंतर काही दिवस मी सुन्न होऊन बसेन. तसं झालं नाही. दमल्यासारखं वाटत होतं, पण ते एखादं मोठं काम पार पाडल्यावर वाटतं तसं. दवाखान्यात नर्सनं विचारलं, "संपला ना तुझा खेळ? काय मिळालं?" मी म्हणाले, "सगळे मिळाले." तिला वाटलं मी विषय टाळतेय. मी तर खरंच सांगत होते.

काकूंचे फोन सुरू झाले. आता लिहून नाही, प्रत्यक्ष बोलून. काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. मागून त्यांच्या खोकल्याचा आवाज येतो तेव्हा काकू मुद्दाम मोठ्यानं माझं नाव घेऊन बोलतात. काल दुपारी खिडकीवर कोणी नसताना त्यांचा फोन आला.

"अगं, दुसरा एक खेळ निघालाय म्हणे. त्यात पाण्यातली जनावरंबी हायत. मुलानं सांगितलं."

"माहीत आहे काकू."

"मग घ्यायचा का? का पुन्हा कुणी बंद करून टाकतेत?"

"टाकतील कधीतरी," मी म्हणाले. "मी सकाळीच घेतलाय. माझ्याकडं एक तिरळं बदक निघालंय. तुम्ही या, अंगणात कुठं ठेवू ते सांगा."

"थांब, चष्मा घेते," काकू म्हणाल्या.